तेलाच्या पिशव्या मोजा

मंडळी, वजन उतरवायचं मनावर घेतलेला इंदूरकर आधी सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत जाणं सोडतो आणि मग घरच्या भाजीतलं तेल बंद करतो. सराफा सोडला, छान केलं. भाजीतलं तेल मात्र पुरतं सोडू नका, एवढंच सांगायला मी आज उभी आहे.

तेलावरचा राग समजण्यासारखा आहे. एक ग्रॅम स्निग्धांशात 9 कॅलरी, पिष्टात किंवा प्रथिनांत 4. म्हणजे तेल तोडलं की वजन उतरणारच! हा तर्क अमेरिकेत पारखून झाला. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 811 जणांपैकी काहींना 20 टक्के, काहींना 40 टक्के कॅलरी स्निग्धांशातून दिल्या; दोन वर्षांनी दोघांचं वजन जवळजवळ सारखंच उतरलं होतं. 2018 मध्ये स्टॅनफर्डच्या 609 जणांच्या प्रयोगात स्निग्धांश कमी करणाऱ्यांचं वजन वर्षभरात सरासरी 5.3 किलो घटलं, पिष्ट कमी करणाऱ्यांचं 6. फरक नगण्य. गंमत म्हणजे दोन्हीकडे काहींचं वजन चक्क वाढलं.

आपल्याकडे आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर तूप खायला सांगतात. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार दिवसातून दोनदाच जेवायला सांगायचे, त्यांच्यानंतर डॉ. जगन्नाथ दीक्षितही तेच सांगतात. त्यावरून घराघरांत पक्ष पडलेत. मला त्या भांडणात रस नाही. महिन्याकाठी तुमच्या घरात तेल किती येतं, ते सांगा.

आधी शून्य तेलवाल्यांशी बोलते. अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं स्निग्धांशाबरोबरच अंगी लागतात. गाजराच्या कोशिंबिरीवर सासूबाई फोडणी घालायच्या ना, ती चवीपुरती नव्हती. तिच्याविना गाजरातलं कॅरोटीन बरंचसं वायाच जातं. दुसरी गोष्ट पित्ताशयाची. जेवणात स्निग्धांश आला की ते आकुंचन पावून रिकामं होतं. तेल जवळपास बंद आणि वजन झपाट्यानं खाली, असं झालं की पित्त साचून राहतं आणि खडे होण्याचा धोका वाढतो. शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाण्यापेक्षा दोन चमचे तेल परवडलं!

मग किती? जागतिक आरोग्य संघटना एकूण कॅलरींच्या 30 टक्क्यांपर्यंत म्हणते, त्यातही संपृक्त स्निग्धांश 10 टक्क्यांच्या आत. मी पाव हिस्सा धरते. 1500 कॅलरींचा आहार असेल, तर साधारण 40 ग्रॅम. त्यातले निम्मे दूध, डाळी, धान्य, दाण्याचं कूट यांतून न दिसता येतात. उरलेले 20 ग्रॅम म्हणजे चहाचे चार-साडेचार चमचे, तूप धरून. चौघांच्या घराला महिन्याला लिटरच्या अडीच-पावणेतीन पिशव्या. आता किराण्याची यादी आठवा. हसू नका!

कुठलं तेल, हेही विचाराल. माळव्यात सोयाबीनचंच राज्य. त्यात ओमेगा-3ची थोडी भर मिळते, म्हणून ते वाईट नाही. पण मोहरी, शेंगदाणा आलटून पालटून वापरा. तुपात संपृक्त स्निग्धांश साठ टक्क्यांच्या वर, तेव्हा वरणभातावर चमचाभर पुरे. तळणीचं तेल पुन्हा पुन्हा तापवू नका.

राहता राहिले आपले पोहे. इंदुरी पोहे वाफेवर ठेवलेले असतात, तेल बेताचंच. घोटाळा होतो तो वरच्या शेवेनं. शंभर ग्रॅम शेवेत 35-40 ग्रॅम तेल असतं. मूठभर, म्हणजे 30 ग्रॅम घातली, की दिवसाच्या चमच्यांतले निम्मे गेले, आणि जिलबी अजून यायचीच आहे. शेव चिमटीनं घाला. पोह्यांवर शेव नकोच असं इंदुरात सांगण्याची माझी हिंमत नाही.

ज्यांना पित्ताशयाचा त्रास आहे किंवा रक्तातले ट्रायग्लिसराइड वाढलेले आहेत, त्यांनी हा हिशेब माझ्या भाषणावरून न करता आपल्या डॉक्टरांकडून करून घ्यावा. आता चिठ्ठ्या पाठवा. मागच्या रांगेतून एक कधीची हलते आहे.