वखारीची विद्या आणि कामगाराचा दाखला

(कळवण येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर आला म्हणजे तो संपाविषयी नाहीतर बोनसविषयी बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आज मी त्यांपैकी कशाविषयीही बोलणार नाही. माझा विषय आहे वखारीचा. माल कोठून येतो, कोठे थांबतो, किती दिवस थांबतो, कोणाकडे जातो आणि वाटेत किती घटतो, ह्याच्या व्यवस्थेला आता 'सप्लाय चेन' आणि 'इन्व्हेंटरी मॅनेजमेंट' अशी भारदस्त नावे मिळाली आहेत. तिचे अभ्यासक्रम आहेत, परीक्षा आहेत, दाखले आहेत. हे दाखले कोणाच्या हाती पडतात आणि कोणाच्या हाती पडावयास हवेत, एवढाच माझा प्रश्न आहे. मी स्वतः कॉलेजची पायरी चढलेलो नाही. जे शिकलो ते वाचनालयात आणि कामगारांच्या चौकशीचे कागद वाचता वाचता. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा आपण ठेवू नये.

ही विद्या आपल्याला परकी नाही. आपल्या तालुक्यात उन्हाळ कांदा निघाला की चाळी भरल्या जातात. चाळ भरणाऱ्या बाईला विचारा. जोड कांदा, डेंगळा, मार लागलेला कांदा ती वेगळा काढते. कारण एक नासका कांदा शेजारच्या दहांना घेऊन जातो, हे तिला कोणत्याही पुस्तकाशिवाय ठाऊक असते. ढीग चार-पाच फुटांपेक्षा उंच गेला की तळचा कांदा दबतो. खालून वारा खेळला नाही की पावसाळ्यात सड लागते. चाळ केव्हा फोडावयाची, ह्याचा निर्णय तर मोठ्या जोखमीचा. लवकर फोडली तर भाव नाही, उशीर केला तर मोड येतात आणि वजन घटते. साठ्याच्या शास्त्रातील निम्मे प्रश्न ह्या एका चाळीत आहेत.

आपल्या इतिहासातही ह्या विद्येचा एक उत्तम धडा आहे. १६७३-७४ च्या सुमारास चिपळूणजवळ छावणीस असलेल्या लष्कराच्या अंमलदारांना शिवछत्रपतींनी पाठविलेले पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी जमविलेला दाणा आणि वैरण आताच मनास येईल तशी उधळलीत, तर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील, असे ते बजावतात. दिव्याच्या जळत्या वातीचेही त्यात आहे: उंदीर ती वात ओढून नेईल आणि गवताची गंजी पेटेल. पण मला त्यातील सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती अशी, की साठा संपल्यावर शिपाई जाऊन रयतेस ओरबाडील, ही चिंता त्या पत्रात आहे. साठ्याचा हिशेब चुकला म्हणजे त्याचा भार फिरत फिरत सर्वांत खालच्या माणसाच्या पाठीवर येऊन पडतो. साडेतीनशे वर्षे झाली तरी ह्या नियमात फरक पडलेला नाही.

आता आधुनिक शास्त्राकडे येऊ. एका वेळी किती माल मागवावा म्हणजे मागविण्याचा आणि साठविण्याचा मिळून खर्च कमीतकमी येईल, ह्याचे गणित १९१३ साली फोर्ड हॅरिस नावाच्या अमेरिकन माणसाने मांडले. आजही प्रत्येक अभ्यासक्रमात ते शिकवितात. गंमत अशी, की ह्या हॅरिसचे शालेय शिक्षण हायस्कुलापाशी संपले होते. पुढचे सारे त्याने कामावर आणि स्वतःच्या वाचनाने मिळविले. पुढे १९५७ साली अमेरिकेत ह्या विषयाची एक व्यावसायिक संस्था निघाली आणि १९७३ पासून तिने परीक्षा घेऊन दाखले देण्यास आरंभ केला. त्याच १९५७ साली आपल्याकडे केंद्रीय वखार महामंडळ स्थापन झाले. तिकडे गुदामातल्या ज्ञानाला दाखला मिळाला; इकडे गुदामे मोठी झाली, पण हमाल हमालच राहिला.

ह्या शास्त्राचा उपयोग काय, हे एका उदाहरणाने सांगतो. समजा, डोंगरातल्या एका आरोग्य केंद्रात एका औषधाच्या आठवड्याला १० कुप्या लागतात आणि मागणी पाठविल्यापासून माल पोहोचण्यास ३ आठवडे जातात. मग कपाटात ३० कुप्या उरल्या की मागणी गेली पाहिजे, असा साधा हिशेब झाला. परंतु पावसाळ्यात फरशीवरून पाणी गेले तर गाडी अडेल आणि सर्पदंशाचे रोगीही वाढतील. म्हणून वर २० कुप्या अडीअडचणीच्या धराव्या लागतात. म्हणजे ५० वर मागणी. हे गणित तिसरी-चौथीच्या मुलाला येईल. पण ते ज्याला कोणी शिकविलेले नाही तो कपाट रिकामे झाल्यावर मागणी लिहितो, आणि तोपर्यंत एखाद्या आदिवासी पाड्यावरची बाई दारात आलेली असते.

आता तुटीविषयी बोलतो. शेजारच्या सटाण्याचे देवमामलेदार यशवंतराव महाराज आपणां सर्वांना वंदनीय आहेत. १८७०-७१ च्या दुष्काळात त्यांनी सरकारी खजिना भुकेल्यांसाठी मोकळा केला आणि वरिष्ठ तपासणीस आले तेव्हा मोजदाद बरोबर भरली, अशी कथा ह्या भागात घरोघर सांगितली जाते. वर्षाअखेरीस मोजदाद होते तेव्हा प्रत्येक कोठीवाला मनातून हाच चमत्कार मागत असतो. परंतु त्याच्यासाठी चमत्कार होत नाही. त्याच्या पगारातून कपात होते. धान्य सुकते, कांदा घटतो, काटा चुकतो, साहेब तोंडी हुकूम देऊन माल उचलतो, आणि तूट मात्र कोठीवाल्याच्या नावावर लागते.

आमच्या जिल्ह्यातल्या एका कारखान्यातील प्रकरण सांगतो. भांडारात बावीस वर्षे काम केलेल्या एका मदतनिसावर बेअरिंगांच्या तुटीचा आरोप आला. खात्यांतर्गत चौकशी लागली. गडी फार बोलका नव्हता, पण प्रत्येक फळीवरच्या मालाचे आवक-जावक कार्ड त्याने रोजच्या रोज भरलेले होते. आम्ही ती कार्डे आणि माल उचलल्याच्या चिठ्ठ्या शेजारी शेजारी मांडल्या. ज्या दिवशी माल कमी झाला त्या दिवसांच्या चिठ्ठ्याच नव्हत्या. रात्रपाळीत तोंडी हुकमावर माल गेला होता. आरोप मागे घ्यावा लागला. त्या माणसाची नोकरी आमच्या भाषणांनी वाचविली नाही. ती त्याच्या हिशेबाने वाचविली.

पण गोष्ट येथे संपत नाही. काही वर्षांनी भांडारात संगणक आला. प्रमुखाची जागा निघाली, ती दाखला असलेल्या एका तरुणाला मिळाली. तो तरुण भला होता. कोणता माल कोठे ठेवावा, कोणता पुरवठादार नेहमी उशीर करतो, हे सारे तो ह्या मदतनिसालाच विचारी. शिकविणारा खाली आणि शिकणारा वर, अशी स्थिती निवृत्तीपर्यंत राहिली. कारण एकच: एकाचे ज्ञान कागदावर होते, दुसऱ्याचे नव्हते.

ह्यावर आमच्या काही सहकाऱ्यांचे म्हणणे असे, की दाखला ही मालकांची युक्ती आहे. त्याने कामगारांत फूट पडते. अनुभव हाच खरा दाखला. हे म्हणणे मला अर्धेच पटते. अनुभवाला एक कुंपण असते. माणसाला आपले गुदाम कळते, शेजारचे कळत नाही. हजार वस्तूंपैकी थोड्याच वस्तूंत बहुतेक पैसा अडकलेला असतो आणि त्यांच्यावर रोज नजर हवी, बाकीच्यांची मोजदाद सावकाश चालेल, हे पोती उचलून आपोआप कळत नाही. ते शिकावे लागते. आणि आज भिवंडीच्या गुदामांत आपल्याकडची जी मुले कामाला जातात, त्यांच्या हातातील यंत्र त्यांची प्रत्येक हालचाल मोजते. त्या मोजमापाचा अर्थ ज्याला कळत नाही, तो त्याविरुद्ध तक्रार तरी काय करणार?

शेतकरी बंधूंनाही हा प्रश्न दूरचा वाटू नये. २००७ साली केंद्राने वखारींविषयी कायदा केला आणि २०१० साली त्यासाठी नियामक प्राधिकरण स्थापन झाले. नोंदणीकृत वखारीच्या पावतीवर बँकेकडून कर्ज काढता येते. म्हणजे तुमच्या मक्याचा ओलावा कोण मोजतो, प्रत कोण ठरवितो, ह्यावर तुमचे कर्ज ठरते. तो मोजणारा माणूस अर्धशिक्षित, भ्यालेला आणि तुटीच्या धाकाखाली असलेला तुम्हांला चालेल काय? तो तुटीच्या भीतीने तुमचे माप आधीच कमी धरील.

मग करावयाचे काय? महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा केला. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीचे ते फळ. त्यापूर्वी हमाल कोणाचाच नव्हता. कायद्याने मंडळाच्या वहीत त्याचे नाव आले, मजुरीवर वर्गणी आली, भविष्य निर्वाह निधी आला. त्या कायद्याने हमालाच्या पाठीची नोंद झाली. आता त्याच्या डोक्याची नोंद झाली पाहिजे. त्यासाठी दार अगदीच बंद आहे असे नाही. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत पूर्वानुभवाची परीक्षा घेऊन दाखला देण्याची सोय करण्यात आली. तत्त्व योग्य आहे. परंतु घाईघाईने वाटलेला दाखला भिंतीवर टांगण्यापलीकडे उपयोगी पडत नाही.

म्हणून माझ्या मागण्या थोड्या आहेत. परीक्षा मराठीत व्हावी आणि ती गुदामात, प्रत्यक्ष मालासमोर व्हावी. शिकण्याचा वेळ कामाच्या तासांत धरावा आणि फी मालकाने भरावी. दाखल्याबरोबर वेतनाची पायरी बांधलेली असावी. पायरी नसेल तर तो दाखला नव्हे, नुसता कागद. आणि ज्याच्यावर तुटीची जबाबदारी आहे त्याला साठ्याचा संपूर्ण हिशेब पाहण्याचा हक्क असावा.

तरुणांना मात्र एक गोष्ट निक्षून सांगतो. मोठमोठी नावे घेऊन महिन्याभरात दाखला देणारी दुकाने शहरांत निघाली आहेत. पैसे भरण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा: ह्या दाखल्याला मान्यता कोणाची? शिकविणाऱ्याने कधी गुदामात काम केले आहे काय? आणि मागल्या वर्षीची मुले आज कोठे आहेत? उत्तरे नीट मिळाली नाहीत तर ते पैसे घरी न्या आणि एखाद्या जुन्या कोठीवाल्यापाशी सहा महिने बसा.

वही ज्याच्या हातात, न्याय त्याच्या बाजूला, हे मी तीस वर्षे पाहत आलो आहे. ती वही ज्याच्या पाठीवर ओझे आहे त्याच्या हातात यावी, एवढेच माझे मागणे आहे.