तंबाखूची चिमूट आणि जिवाचा ताण

जळगाव-धुळ्याकडे कापूसवेचणीच्या दिवसांत दुपारी बांधावर तंबाखूला चुना लावून मळतात आणि 'जिवाला बरे वाटते' म्हणतात. हे खोटे नव्हे. पण कशाने वाटते? चुन्याच्या क्षारतेमुळे निकोटीन गालाच्या अस्तरातून त्वरित रक्तात उतरते. मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी ॲड्रेनॅलीन सोडतात. मेंदूच्या आज्ञेने कॉर्टिसॉलही वाढते. सातपुड्यात वाघ समोर यावा, तशी नाडी धावते, रक्तदाब चढतो. याला का विसावा म्हणावयाचे? सुमारे २ तासांत रक्तातील निकोटीन निम्मे होते आणि जीव चिडचिडा होतो. पुढची चिमूट शमविते ती हीच चिडचिड. कर्जाची काळजी होती तेथेच असते. तंबाखू सोडणाऱ्यास पहिले काही आठवडे जड जातात. पुढे मन पूर्वीपेक्षा स्वस्थ राहते, असे आढळले आहे.