हातातलं काम हीच आज्ञा



माढा तालुक्यातलं अरण तुम्हाला ठाऊक आहे. सावतोबांचं गाव. आषाढीला गावोगावच्या संतांच्या पालख्या पंढरीला येतात, पण अरणची येत नाही. उलट पांडुरंगाचीच पालखी सावतोबांच्या भेटीला अरणला जाते. देवाने भक्ताच्या दारी जायचं, असं का बरं? सावतोबा मळा सोडून कुठे गेले नाहीत म्हणून. वाफ्याला पाणी द्यायची वेळ झाली, की त्यांची तीच पूजेची वेळ.

आता तुम्ही म्हणाल, "महाराज, मग वारी कशाला करायची? घरीच राहू की!" तसं नव्हे हो. सावतोबांनी काम टाळायला देव धरला नाही, आणि देव टाळायला काम पुढे केलं नाही. हात मातीत होते, मुखात नाम होतं.

माझीच चूक सांगतो. मी सुताराच्या घरातला. तरुणपणी पहिल्यांदा दिंडीत आलो. मुक्कामाला आमच्या ट्रकच्या लाकडी शिडीची एक पायरी हललेली दिसली. दोन खिळ्यांचं काम. पण मनात आलं, आपण इथे भजनाला आलोय, सुतारकी करायला नाही. टाळ घेतला आणि कीर्तनाला जाऊन बसलो. पहाटे एक म्हातारी माउली त्याच पायरीवरून पडली. मनगट मोडलं. तिची वारी तिथेच थांबली.

ती मला एक शब्द बोलली नाही. तिला काय माहीत, मी ती पायरी पाहिली होती! पण विठोबाला माहीत होतं ना? रात्रभर मी ज्याचं नाव घेत होतो, त्यानेच ती पायरी मला दाखवली होती. ती आज्ञा होती, माउली. मी गात राहिलो, ऐकलं मात्र नाही.

गीतेच्या अठराव्या अध्यायात भगवंत सांगतात, आपल्या कर्मानेच त्याची पूजा करावी. फूल तरी बाजारात विकत मिळतं, हातातलं कसब त्यानेच दिलेलं आहे. त्याचं त्यालाच वाहायचं.

तेव्हापासून माझ्या पडशीत टाळाशेजारी हातोडी असते.

तुम्हाला काय येतं? चप्पल शिवता येते? वाटेवर कुणाचा तरी अंगठा तुटलेला असेल. नळ दुरुस्त करता येतो? टँकरची तोटी गळत असेल. भाकरी थापता येते? मग चुलीपाशी बसा. कुणी सांगायची वाट बघू नका. आणि केल्यावर "मी केलं" म्हणून सांगत फिरू नका. घरी गेल्यावर गिऱ्हाइकाचं कामसुद्धा असंच चोख करा. तिथेही पाहणारा तोच आहे.

बोला, पुंडलिक वरदा हारी विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम!