थ्रॉटलची केबल तुटली तर विमानाचं इंजिन काय करतं?

आजचा विषय तुमच्या बाईकपासून सुरू करतो. बाईकची एक्सिलेटर केबल तुटली की काय होतं? मूठ कितीही पिळा, इंजिन स्लोवरच चालतं. आपण गाडी बाजूला घेतो, ढकलत मेकॅनिककडे नेतो. विषय संपला.

आता रोटॅक्स ९१२ बघा. हे ऑस्ट्रियात बनणारं चार सिलिंडरचं इंजिन जगभरातल्या हलक्या विमानांत दिसतं. आपल्याकडे एनसीसीच्या हवाई शाखेचे कॅडेट ज्या पिपिस्ट्रेल व्हायरस विमानात बसतात, त्यातही हेच आहे. याच्या थ्रॉटलची केबल तुटली, तर इंजिन स्लो होत नाही. उलट फुल थ्रॉटलला जातं!

कारण कार्ब्युरेटरवरची स्प्रिंग थ्रॉटल उघडायच्या दिशेने ओढते. केबलचं काम ते बंद करायचं. हे मुद्दाम केलेलं आहे. हवेत इंजिन स्लो झालं तर तुम्ही खालीच येणार, मग खाली शेत असो की डोंगर. ताकद शिल्लक असली तर धावपट्टीच्या वर पोचता येतं, उंची घेता येते आणि मग इग्निशन बंद करून, तरंगत उतरता येतं. अर्थात तुमच्या विमानाची पुस्तिका आणि प्रशिक्षक सांगतील तेच अंतिम.

याचाच दुसरा अर्थ नीट ऐका. केबल जोडलेली नसताना हे इंजिन कधीही स्टार्ट करायचं नाही. जमिनीवर उभं विमान थेट फुल पॉवरला जाईल, आणि समोर पंखा फिरतोय.

आता खरी गंमत. या इंजिनाला कार्ब्युरेटर दोन आहेत, प्रत्येकी दोन सिलिंडरसाठी एक. म्हणजे केबलही दोन आणि आयडल स्टॉपही दोन. आयडल स्टॉप म्हणजे छोटा स्क्रू. थ्रॉटलचा आर्म बंद होताना त्याला टेकतो आणि तिथेच थांबतो. बाईकवाले ज्याला ‘स्लो सेट करणं’ म्हणतात, ते याच स्क्रूवर होतं.

माझ्या मते पहिला प्रश्न एकच विचारायचा: आर्मला थांबवतंय कोण? स्क्रू की केबल?

समजा केबल ढिली आहे. कॉकपिटमधला लिव्हर मागे टेकला, पण आर्म अजून स्क्रूपर्यंत आलेलाच नाही. मग स्क्रू कितीही सोडा, आरपीएम उतरत नाही. विमान उतरताना पंखा ओढतच राहतो, विमान धावपट्टीवर तरंगत पुढे जातं आणि लांबी संपत येते. आता उलट, केबल गरजेपेक्षा घट्ट आहे. मग फुल थ्रॉटलला आर्म पूर्ण उघडत नाही आणि टेकऑफला हवी असलेली ताकद मिळत नाही. शिवाय पायलट लिव्हर मागे ओढतो तेव्हा सगळा जोर केबलवर आणि त्या छोट्या स्टॉपवर येतो.

आणि एक केबल ढिली, दुसरी घट्ट असेल तर? दोन सिलिंडर जास्त ओढतात, दोन कमी. इंजिन थरथरतं आणि तो मार गिअरबॉक्सला बसतो.

म्हणून कामाचा क्रम महत्त्वाचा. इग्निशनचे दोन्ही स्विच बंद. केबल सोडायची. आयडल स्क्रू मागे घ्यायचा, थ्रॉटल पूर्ण मिटवायचं, स्क्रू आर्मला जेमतेम टेकेपर्यंत आणायचा आणि तिथून दीड फेरा आत. दोन्ही बाजूंना अगदी सारखं. मिक्स्चर स्क्रू हलक्या हाताने पूर्ण बसवायचा आणि दीड फेरा बाहेर. मग केबल जोडायच्या. एकाने लिव्हर हलवायचा, दुसऱ्याने आर्म बघायचे. दोन्ही स्टॉपवरून एकदम सुटले पाहिजेत, एकदम परत टेकले पाहिजेत, आणि फुल थ्रॉटलच्या टोकालाही दोन्ही पोचले पाहिजेत.

डोळ्यांनी इतकंच जमतं. पुढचं काम व्हॅक्यूम गेजचं. इंजिन गरम करून दोन्ही बाजूंचा व्हॅक्यूम जुळवायचा. इथे एक नियम पाठ करा: आयडलला फरक दिसला तर आयडल स्क्रू फिरवा, आरपीएम वाढवल्यावर फरक दिसला तर केबलचा ॲडजस्टर फिरवा. केबलचा दोष स्क्रूने झाकला, की आयडल छान लागतं आणि वर गेल्यावर थरथर तशीच राहते.

आयडल साधारण १४०० आरपीएमच्या खाली नेऊ नका. बाईकवर खूप स्लो लावलेलं इंजिन ऐकायला मस्त वाटतं, इथे मात्र गिअरबॉक्सचे दात एकमेकांवर आपटतात. वरची मर्यादा ५८०० आरपीएम, तीही जास्तीत जास्त पाच मिनिटं.

हे काम परवानगी असलेल्या तंत्रज्ञाचं आहे, आपण घरी करायचं नाही. पण तुम्ही कॅडेट असाल, शिकाऊ पायलट असाल, तर बघणं तुमच्या हातात आहे. कव्हर उघडं असेल तेव्हा केबलच्या टोकाशी एखादी तार सुटलीय का, ते बघा. लिव्हर सोडल्यावर आपोआप पुढे सरकतोय का, तेही बघा. सरकत असेल तर स्प्रिंग तिचं काम करतेय, पण लिव्हरची पकड ढिली आहे. उड्डाणाआधी सांगा. लाजू नका.

प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात!