पाणी आणले, आता विहिरी राखू
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



माण-खटाव असो की जत-आटपाडी, आपली मागणी एकच होती : कृष्णेचे पाणी आमच्या शिवारात आणा. त्यासाठी 1993 पासून आटपाडीत पाणी परिषदा झाल्या, मोर्चे निघाले. टेंभू, ताकारी, म्हैसाळ योजनांचे पाणी अनेक दुष्काळी गावांत पोचले. पण पाणी वाढले की युरियाची पोतीही वाढतात. म्हणून आज विहिरीविषयी बोलायचे आहे.

युरियाच्या 45 किलोच्या पोत्यात सुमारे 20 किलो नत्र असते. पीक लागेल तेवढेच घेते. उरलेल्यातले काही हवेत उडते, काहीचे नायट्रेट होते. नायट्रेटला माती धरून ठेवत नाही. रान तुडुंब भिजवले की ते पाण्याबरोबर खाली उतरते. आपल्याकडे पाणी साठते ते मुरमात आणि काळ्या खडकाच्या भेगांत. साठाच थोडा, म्हणून थोडे मिसळले तरी फार होते.

पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 45 मिलिग्रॅमपर्यंतच नायट्रेट चालते. हिशेब करा : फक्त 1 किलो नत्र झिरपले, तर जवळजवळ 1 लाख लिटर स्वच्छ पाणी त्या मर्यादेला जाते. त्याला रंग नाही, वास नाही. उकळून, तुरटी फिरवून किंवा टीसीएल टाकून ते जात नाही. वरच्या दुधात असे पाणी गेले, तर तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते, अंग निळे पडते.

कोणी म्हणेल, हे दुखणे वाळवा-मिरजेच्या ऊसवाल्यांचे. तसे नाही. केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024 च्या अहवालात नायट्रेटसाठी वर्धा, अमरावती, यवतमाळ, बुलढाणा, नांदेड, बीड, जळगाव यांची नावे आहेत. आपल्यासारखेच कोरडवाहू कापूस-ज्वारीवाले तिथे राहतात. विहिरीजवळचा उकिरडा आणि संडासाचा शोषखड्डा हेही नत्र खाली सोडतात.

दोष एकट्या शेतकऱ्याचा नाही. 2010 मध्ये स्फुरद-पालाशाच्या खतांचे भाव मोकळे सोडले, युरियाचा भाव मात्र सरकारने बांधून ठेवला. स्वस्त असते तेच जास्त पडते.

येरळेवर बळीराजा धरण बांधताना बलवडी-तांदूळवाडीच्या लोकांनी ठरवले : या पाण्यावर ऊस घ्यायचा नाही. आपणही नियम करू. माती तपासून खत घालू. युरिया एकदम न देता हप्त्याने देऊ. ज्वारीत, कापसात तुरीच्या ओळी ठेवू. उकिरडे विहिरीपासून लांब नेऊ.

आणि सरकारकडे मागू : लाभक्षेत्रातल्या प्रत्येक गावच्या पिण्याच्या विहिरीची तपासणी पावसाळ्याआधी आणि नंतर करा. आकडा ग्रामसभेत वाचा. तो जास्त निघेल तिथे लहान मुलांसाठी आधी दुसरे पाणी द्या.

पुढच्या मेळाव्याला येताना प्रत्येक गावाने आपल्या विहिरीचा आकडा घेऊन यावे. तो हातात असल्याशिवाय कोणी आपले ऐकणार नाही.