शंख, झँकस, टर्बिनेला



विज्ञान लेखकांच्या या संमेलनाला येताना घरच्या देवघरातला शंख बरोबर आणलाय. तो इथे टेबलावर आहे. आजोबांच्या काळापासून आमच्याकडे आहे. पूजेला बसलं की कलशानंतर गंधफूल त्याला. घरात त्याचं नाव एकच, शंख. प्राणिशास्त्र शिकायला गेलो तेव्हा कळलं, की पाश्चात्त्य विद्वानांनी याला तीन वेगवेगळ्या वंशांची नावं दिली, आणि त्यातलं एक आपल्याच शब्दावरून घडवलेलं होतं. ते नाव आज चालत नाही. त्याचं काय झालं ते सांगतो.

शंख म्हणजे एका समुद्री गोगलगाईचं घर. मन्नारच्या आखातात, पाल्कच्या सामुद्रधुनीत, सौराष्ट्राच्या किनाऱ्यालगत ती वाळूच्या तळावर राहते आणि वाळूतले किडे खाते. जिवंतपणी कवचावर तपकिरी साल असते. पांढरंशुभ्र रूप घासल्यावर येतं. गुजरातेत नागेश्वरला हडप्पाकाळातले कारागीर याच कवचाच्या बांगड्या कापत होते. गार्सिया द ओर्ता यांचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला, त्यात हा शंख ‘चांको’ म्हणून येतो, बंगालला जाणारा माल म्हणून. म्हणजे प्राण्यांची वर्गवारी करणाऱ्या लिनियसच्या जन्माआधीच आपला शब्द युरोपच्या वाटेला लागला होता.

लिनियसने १७६७ मध्ये याला ‘व्होल्युटा पायरम’ म्हटलं. पायरम म्हणजे पेर, आकारावरून. व्होल्युटा का, ते समजायला शंखाच्या तोंडातून बोट आत घालावं लागतं. ज्या दांड्याभोवती शंखाची वेटोळी चढतात, त्याच्यावर तीन-चार ठसठशीत वळ्या बोटाला लागतात. दांड्यावर वळ्या दिसल्या की व्होल्युटा, असा लिनियसचा ढोबळ हिशेब होता. त्या एका खोक्यात त्याने इतके परके जीव कोंबले, की पुढच्या लोकांना ते निरनिराळ्या कुलांत वाटून द्यावे लागले. पण वळ्यांवर बोट ठेवलं ते त्यानेच, आणि त्या वळ्यांकडे मला पुन्हा यायचंय.

हॅम्बुर्गमध्ये बोल्टन नावाचे डॉक्टर होते. शंखशिंपल्यांचा त्यांचा संग्रह मोठा. ते गेल्यावर संग्रह विकायला निघाला, आणि १७९८ मध्ये पीटर फ्रीडरिख रॉडिंग यांनी त्याची यादी छापली. लिलावाची यादी. त्या यादीत आपल्या शंखाचा वंश वेगळा काढला होता, आणि त्याला नाव होतं ‘झँकस’. शंख, चांको, झँकस! पुढच्याच वर्षी, १७९९ मध्ये, पॅरिसला लामार्कनेही हाच वंश व्होल्युटातून बाहेर काढला आणि त्याला ‘टर्बिनेला’ म्हटलं. रॉडिंगची यादी फारशी कोणाच्या हाती पडली नाही. लामार्कचं नाव मोठं. शंभर वर्षांहून जास्त काळ सगळे टर्बिनेला लिहीत राहिले. जेम्स हॉर्नेल यांनी १९१४ मध्ये मद्रासच्या मत्स्यखात्यासाठी आपल्या शंखावर आख्खी पुस्तिका लिहिली, तिच्यातही तेच नाव आहे.

आणि १९१५ मध्ये अमेरिकेत डॉल यांनी त्या विसरलेल्या यादीची सूची करून छापली. प्राणिशास्त्रात नियम असा, की आधीचं नाव खरं. १७९८ हे १७९९ च्या आधी येतं. झालं, झँकस परत आलं. आपल्याकडच्या मत्स्यविज्ञानाच्या अहवालांतून, शोधनिबंधांतून ‘झँकस पायरम’ छापलं जाऊ लागलं. मात्र दुसरीकडे टर्बिनेला लिहिणारेही थांबले नाहीत. एकाच प्राण्यावरचं लिखाण दोन नावांखाली विखुरलं. शेवटी प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने १९५७ मध्ये आपला खास अधिकार वापरला, झँकस रद्द केलं आणि टर्बिनेला कायम केलं.

विद्यार्थी असताना हे वाचून मला फार वाईट वाटलं होतं. एका वर्षाने का होईना, आधी आलेलं नाव, तेही आपलं, आणि तेच बाद! आज मला तो निर्णय योग्य वाटतो. वंश म्हणजे फक्त आपला शंख नाही. टर्बिनेलाची एक जात कॅरिबियन समुद्रात आहे, एक ब्राझीलच्या किनाऱ्यावर. तिथल्या अभ्यासकाला आणि तुतिकोरिनच्या अभ्यासकाला एकमेकांचं लिखाण सापडायला हवं. नाव त्यासाठी असतं. सगळे एका नावावर आले, हे मला आपल्या शब्दाच्या मानापेक्षा मोठं वाटतं.

आता वळ्यांकडे येतो. आमच्या शेजारच्या एका गृहस्थांनी बरीच रक्कम मोजून दक्षिणावर्ती शंख आणला आणि मोठ्या आनंदाने मला दाखवला. शास्त्रज्ञ शंखाचं टोक वर आणि तोंड आपल्याकडे करून धरतात. तोंड उजवीकडे पडलं तर शंख उजवा. आपली रीत उलटी. आपण टोक खाली, तोंडापुढची निमुळती पन्हळ वर धरतो. त्यामुळे त्यांचा उजवा तो आपला वामावर्त, आणि त्यांचा डावा तो आपला दक्षिणावर्ती. टर्बिनेलात डावा क्वचितच सापडतो, म्हणून त्याचं मोल. पण मेक्सिकोच्या आखातात आणि अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावर एक निराळीच गोगलगाय राहते. तिची कवचं जन्मतःच डावी असतात आणि ढिगांनी मिळतात. तिला ज्या ब्युसिकॉन वंशात दीर्घकाळ गणलं गेलं, त्याचं नावही रॉडिंगच्या त्याच यादीतलं. मी शेजाऱ्यांच्या शंखात बोट घातलं. आतला दांडा जवळजवळ गुळगुळीत, त्या ठसठशीत वळ्यांचा पत्ता नाही. हे त्या परदेशी गोगलगाईचं कवच आहे, हे त्यांना सांगताना माझा जीव तुटला. लिनियसने वर्गीकरणासाठी पाहिलेली खूण आज माणसाला फसवणुकीपासून वाचवू शकते. ती मराठीत सोप्या शब्दांत कोणी लिहून ठेवली असती, तर ते पैसे वाचले असते.

हे मी आपल्याला उद्देशून बोलतोय. आतापर्यंत मी ‘वंश’ हा शब्द वापरला. आपल्या प्राणिशास्त्राच्या पुस्तकांत तो आढळतो. वनस्पतींच्या पुस्तकांत त्याच पायरीला ‘प्रजाती’ म्हणतात. आणि वर्तमानपत्रात ‘नवी प्रजाती सापडली’ असं येतं तेव्हा लिहिणाऱ्याच्या मनात असते ‘जाती’. एका शब्दाचे दोन अर्थ, एका अर्थाचे दोन शब्द. टर्बिनेला ही प्रजाती की पायरम ही प्रजाती, हे आठवीतल्या मुलीने कसं ओळखायचं? मीही माझ्या जुन्या लेखांत दोन्ही प्रकारे लिहिलंय, आणि ते लेख पुन्हा छापताना दुरुस्त करणार आहे. मला स्वतःला ‘वंश’ आणि ‘जाती’ ही जोडी पसंत आहे: वंश मोठा, त्यात अनेक जाती. वनस्पतीवाल्या मित्रांना ‘प्रजाती’ सोडणं जड जाईल हे मी जाणतो. तुमचा कौल प्रजातीकडे पडला, तर मी तेव्हापासून वंश लिहिणं सोडेन. उद्या सकाळच्या सत्रात हा विषय ठरावासाठी घ्यावा, अशी माझी विनंती आहे. पदाधिकाऱ्यांनी त्यासाठी अर्धा तास राखून ठेवायचं कबूल केलंय.

हा शंख चहाच्या सुट्टीत इथेच राहील. ज्यांनी घरात वर्षानुवर्षं शंख पाहिला आणि आत कधी बोट घातलं नाही, त्यांनी पुढे यावं आणि वळ्या मोजून पाहाव्यात. कड जरा तुटलेली आहे, डाव्या बाजूने धरा.