मनाईचा कागद
(कोपर येथे तरुण कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



मोर्चा निघायचा म्हटला की लाठीच्या आधी कागद येतो. लाठीचे वळ दिसतात, कागदाचे दिसत नाहीत. म्हणून आज कागदावरच बोलतो.

२० मार्च १९२७ ला बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्याले, हे आपल्याला पाठ आहे. पण डिसेंबरात काय झालं? दुसऱ्या परिषदेआधी महाडचे सनातनी दिवाणी कोर्टात गेले. म्हणे, तळं खाजगी आहे! १४ डिसेंबरला तात्पुरता मनाईहुकूम निघाला. हजारो माणसं जेलात जायच्या तयारीनं आलेली. बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब केला, पण २५ तारखेला मनुस्मृती जाळली. तिच्या जाळण्यावर कुठल्या कोर्टाची मनाई नव्हती! मग कोर्टातही लढले. मनाई १९२८ च्या फेब्रुवारीत उठली. हायकोर्टाचा शेवटचा निकाल १७ मार्च १९३७ ला आपल्या बाजूनं लागला. एका तळ्यासाठी दहा वर्षं.

म्हणजे काय, तर कागद आला म्हणून घरी बसायचं नाही, आणि न वाचता फाडायचाही नाही.

ह्या कागदाच्याही दोन जाती. पहिला पोलिसांचा, जमावबंदीचा. जुनं १४४ कलम १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेत १६३ झालं. सरकारनं मुदत वाढवली नाही तर हा हुकूम दोन महिन्यांत मरतो. लोकांचं रास्त म्हणणं दाबायला तो वापरता येत नाही, असं सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये अनुराधा भसीन खटल्यात बजावलंय. त्याच साली पोलीस कायद्याखालचा असाच एक हुकूम माजलगावचं धरणं अडवत होता. औरंगाबाद खंडपीठानं तो रद्द केला.

दुसरा कागद दिवाणी कोर्टाचा. मालक नाहीतर बिल्डर तुमची नावं घालून दावा लावतो आणि तुमचं न ऐकताच मनाई आणतो. ती मोडली तर तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद. मग आधीच कल्याणच्या कोर्टात कॅव्हेट टाका ना! दिवाणी संहितेचं कलम १४८-अ. नव्वद दिवस तुम्हाला नोटीस दिल्याशिवाय त्याचा अर्ज ऐकता येत नाही.

आणि उचललंच तर? कलम २२ तोंडपाठ करा. अटकेचं कारण विचारा, वकील मागा. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करायलाच हवं. हे उपकार नाहीत. हे बाबासाहेबांच्या घटनेत लिहिलंय.

पुढच्या मोर्चाआधी वस्तीवस्तीत एक तरी पोरगा, एक तरी पोरगी असा कागद वाचणारी तयार झाली पाहिजे. हुकूम कुणाचा, कुणाच्या नावानं, किती दिवसांचा, हे तिनं भर चौकात मोठ्यानं वाचून दाखवावं.

जयभीम.